पंजाच्या झाडाचे पाय

माळीकाम करणाऱ्याच्या घरी फुटक्या खापऱ्यांचा ढीग असतोच. कुंडी फुटली तरी खापरी कोणी टाकत नाही. पुढच्या कुंडीच्या भोकावर ठेवायला लागेल, म्हणून ती भिंतीकडेला जाते. आमच्या चौकच्या बागेतल्या गोष्टी तशाच साठल्या आहेत. एक ओढायला जावं तर तिच्याखालच्या चार सरकून पायावर पडतात. मला भराभर बोलता येत नाही. चारचौघांत सांगायला बसलो, की मी निम्म्यावर असतानाच दुसरा कोणी शेवट सांगून मोकळा होतो. म्हणून लिहून काढतो. इथं मधे बोलायला कोणी नाही.

आधी माणसं सांगतो. चौक गावाबाहेर, पुण्याच्या रस्त्याला लागून, मुंबईच्या एका शेटांची बाग होती. शेट कापसाच्या धंद्यात, ते मुंबईला असत. बागेतल्या बंगल्यात बारा महिने राहायच्या त्या त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का. लहानपणीच विधवा झालेल्या. आई गेल्यावर शेटांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे शेट सगळ्या जगावर ओरडत, आक्कांवर नाही. माळ्यांवर भागोजी मुकादम. हाताखाली मी, धाकू, आणि माझी बायको रखमा. आम्हाला मूलबाळ नव्हतं. याशिवाय डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली सोमी. ती मध, शेवाळ, पानं घेऊन यायची आणि सगळ्यांना बोलून जायची.

एका बागेत इतकी हट्टी माणसं कशी जमली, असं लोक विचारायचे. हट्टी नसलेली तिथं टिकलीच नसती, हे त्यांना कोण सांगणार! आणि आम्हा सगळ्यांवर कडी केली ती एका झाडानं.

*

शेट आगबोटीनं जपानला जाऊन आले, त्या साली मुंबईहून माणूस निरोप घेऊन आला. जपानहून एक झाड आणलं आहे, पन्नास वर्षांचं आहे, कर्जत स्टेशनावर उतरवून घ्या, फांदी मोडता कामा नये.

पन्नास वर्षांचं झाड! भागोजीनं आपल्या आंब्याच्या मापानं अंदाज बांधला. सागाचे ओंडके वाहणारी गाडी मागवली. दोन बैलजोड्या, जाड दोर, खाली अंथरायला पेंढा, आणि हमाल. आदल्या दिवशी तो सगळा रस्ता चालून आला, आणि वाटेत एका वडाची फांदी आडवी येईल म्हणून ती छाटून ठेवली.

आगगाडी आली. आम्ही दोर घेऊन मालाच्या डब्याकडे पळालो. तेवढ्यात मागून गार्डानं हाक मारली. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली पसरट थाळी होती, आणि थाळीत हातभर उंचीचं एक झाड.

भागोजी त्या थाळीभोवती एक फेरी फिरला. वाकून खालून बघितलं. मग गार्डाला म्हणाला, "बाकीचं मागच्या गाडीनं येतंय का?"

*

शेट त्याला 'मेपल' म्हणायचे. आमच्या तोंडात ते बसेना. त्याची पानं लहान मुलाच्या तळहातासारखी, बोटं फाकलेली. म्हणून आक्का त्याला पंजाचं झाड म्हणू लागल्या, आणि तेच नाव राहिलं.

शेटांनी आम्हाला सांगितलं, की तिकडे अशी झाडं बघताना माणसं आधी खाली बघतात. मुळं मातीच्या वर दिसली पाहिजेत, चारी बाजूंना फाकलेली, घारीनं फांदी धरावी तशी. तरच झाड म्हातारं वाटतं, जमिनीचं वाटतं. आमच्या झाडाला एका अंगाला चांगली मुळं होती. दुसऱ्या अंगाला एकही नाही. त्या बाजूनं बघितलं तर थाळीत खुंटी ठोकल्यासारखं दिसे.

शेटांचं तेव्हा एका गोऱ्या साहेबाकडे काही काम अडलं होतं. साहेब झाडांचा शौकीन. माथेरानला जाताना तो बंगल्यावर जेवायला थांबला, झाडापाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, की सुंदर आहे, पण लंगडं आहे. शेट भरात आले. म्हणाले, याला पाय आले की हे झाड तुमचं.

साहेब गेल्यावर आम्हाला हुकूम झाला. पाय आणा. नाही आले तर ओढ्यात टाका, लंगडं झाड माझ्या दारात नको.

म्हणजे पाय आले तर झाड जाणार, नाही आले तरी जाणार. तोवर रखमाचा त्याच्यावर जीव जडला होता. सकाळी उठली की आधी त्याची पानं पुसायची, मग चूल.

भागोजी डोक्यानं तल्लख. तो म्हणाला, करतो करतो म्हणत राहायचं. लंगडंच ठेवायचं, फक्त मरू द्यायचं नाही. साहेबाची बदली होईल, शेट विसरतील, झाड इथंच राहील.

रखमा तांदूळ निवडत होती. तिनं सूपही खाली ठेवलं नाही.

"घरात ऱ्हावं म्हनून लेकराला कोन लंगडं ठेवतं का, भागोजीभाऊ?"

भागोजीनं तो बेत सोडला. मीही. तेव्हा ठरलं ते एवढंच, की झाडाला पाय द्यायचे, आणि झाड द्यायचं नाही. दोन्ही कसं जमायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

*

पहिलं काम सोपं वाटलं. ज्या बाजूला मुळं होती, त्या बाजूची वरची माती थोडी थोडी धुऊन काढायची, म्हणजे मुळांना हवा लागून ती जाड होतील, साल धरतील. मी संध्याकाळी पाण्याच्या धारेनं माती काढायचो. सकाळी बघावं तर मुळं पुन्हा मातीखाली.

भागोजी चिडला. त्यानं सगळ्यांना उभं करून दम दिला, की जो कोणी या झाडाला माती लावेल त्याला बागेतून काढून टाकीन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माती.

मग मी फुलझाडांना पाणी घालायच्या निमित्तानं झाडावर नजर ठेवून बसलो. आधी आक्का आल्या. तुळशीला पाणी घालून झाल्यावर तुळशीखालची चिमूटभर माती आणून त्या मुळांवर घातली, कुंकू लावावं तशी. मग पूजेला आलेले भटजी. त्यांनी चालता चालता पायानंच थोडी सरकवली. मग रखमा. ती इकडेतिकडे बघून पदराआडून ओंजळ घेऊन आली. मी हाक मारली तर म्हणते, "थंडीचं उघडं बसलंय वो."

आमच्याकडच्या माणसांचा दोष नाही. शेतात, परसात उघडं मूळ दिसलं, की त्याला मातीची भर घालायची, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. भाताला, वांग्याला, केळीला, सगळ्यांना भर. उघडं मूळ बघून पुढं जाणं आमच्या हाताला ठाऊक नाही.

सगळ्यांत शेवटी भागोजी आला. लोकांना दम देत देतच आला. झाडापाशी उभा राहून कोणाला तरी शिव्या घालत होता, आणि बोलता बोलता वाकून दोन्ही हातांनी माती ओढून मुळांवर छान थापली.

मी म्हटलं, "मुकादम, हे काय?"

त्यानं हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "म्या नाय घातली. हातानं घातली."

*

दुसऱ्या अंगाला मुळं कशी आणायची यावर भागोजीचं म्हणणं, की झाड उपटून नव्या मातीत लावलं की मुळं फुटतात. आणि लावणी करायची ती आषाढात. भात आषाढात लावतात, मग हे का नाही? मी म्हटलं, पानं भरलेली असताना उपटू नये. पण माझं वाक्य पुरं होईपर्यंत त्यानं झाड उपटलं होतं.

पाऊस लागून राहिला. थाळीत पाणी साचलं. पानं काळी पडली आणि एकेक करून सगळी गळाली. गावात बातमी पसरली, की शेटांचं जपानी झाड गेलं. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या रखमाला भेटायला आल्या, पदर तोंडाला लावून बसल्या, पाणी पिऊन गेल्या. सुतक कोणाला आणि किती दिवसांचं, एवढंच बोलायचं राहिलं.

भागोजीनं झाड उचललं आणि मागच्या खतखड्ड्यात टाकलं. शेटांना काय सांगायचं ते पाठ करू लागला.

रखमा खड्ड्यात उतरली. झाड काढलं, धुतलं, सडलेली मुळं चिमटीनं खुडली आणि वाळूमिश्रित मातीत लावून विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवलं, जिथं ऊन येत नाही आणि पाऊस थेट पडत नाही. सगळे हसले. काडीला पाणी घालते म्हणाले. तिनं दिवाळीतही काडीला पाणी घातलं, संक्रांतीलाही काडीला पाणी घातलं. मी एकदा हळूच म्हटलं, की आता पुरे कर. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की तिथून पुढं पाणी मीच शेंदू लागलो.

फाल्गुनात काडीच्या टोकाला लाल टिकली दिसली. मग दुसरी. आठवड्यात सगळीकडे तळहात उघडले.

भागोजी बघायला आला. हात मागं बांधून, मालकासारखा. म्हणाला, "खड्ड्यात टाकलं म्हनत हुता नव्हं सगळी? मी पेरलं हुतं."

*

मग मला गुटीची आठवण झाली. डाळिंबाच्या, लिंबाच्या फांदीची साल थोडी काढतात, त्यावर ओलं शेवाळ बांधतात, आणि तिथं मुळं फुटतात. फांदीला फुटतात तर बुंध्याला का नाही? त्या मोकळ्या अंगाला, मातीच्या जरा वर, साल काढून बांधून बघायचं ठरवलं.

शेवाळासाठी सोमीला निरोप दिला. ती पानाच्या द्रोणात भरून घेऊन आली, आणि कशाला पाहिजे विचारलं. मी सावकाश सगळं सांगितलं, की मुळं जमिनीवर यायला हवीत, उघडी, लोकांना दिसतील अशी.

ती हसत हसत खालीच बसली.

"पोरं उघडी फिरत्यात ती झाकाया कुनाकडं फडकं नाय, आन् मुळं उघडी कराया मानसं ठेवलीत? तुमचा शेट शाना हाय ना?"

आक्का ओसरीवर होत्या. मला वाटलं, आता सोमीचं येणं बंद होणार. आक्का आत गेल्या, आणि कापडाचं एक ठाण आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. सोमीनं ते उलगडून बघितलं, पोत चाचपलं, आणि म्हणाली, "हे धुतल्यावर आटंल."

मग मात्र तिनं मला आणि भागोजीला डोंगराकडे नेलं. पावसानं माती धुऊन गेलेल्या उतारावर एक उंबर खडकाला कवळून उभा होता. सगळी मुळं वर, म्हशीच्या पाठीसारखी चकचकीत.

"ह्याला कुनी शिकवलं?" ती म्हणाली. "खाली खडक. जायला जागा नाय, म्हनून आडवा गेला."

*

साल काढायचा दिवस आला, तर आक्का खुर्ची घेऊन झाडापाशी बसल्या. ज्याला मी रोज पाणी घालते त्याच्या पायावर सुरी चालवू देणार नाही म्हणाल्या. जेवायला उठल्या नाहीत. भागोजीनं शेटांचं नाव घेतलं. आक्का म्हणाल्या, "त्याला सांग, मी त्याचं नाक पुसलेलं आहे."

शेवटी रखमा पुढं झाली. म्हणाली, पोराचे कान टोचताना पोर रडतंच, म्हणून कोणी टोचायचं राहतं का?

आक्कांनी विचार केला. "टोचतात," त्या म्हणाल्या. "पण सोनार टोचतो. माळी नाही."

झालं! खालापूरहून सोनार बोलावला. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, की शेटांच्या बंगल्यावर कान टोचायचे आहेत. तो धुतलेलं धोतर नेसून, पेटी घेऊन आला. हात धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, "आणा बाळाला."

मी थाळी त्याच्या मांडीपाशी ठेवली.

सोनार भला माणूस. त्यानं एकदा आक्कांकडे बघितलं, एकदा झाडाकडे. मग चष्मा पुसून विचारलं, "कान कुठला?"

"कान नाय," भागोजी म्हणाला. "टाच."

त्यानं नाजूक छिन्नीनं साल खरवडली. सोनाराची छिन्नीही लोखंडाचीच, पण ती आक्कांना चालत होती. वर त्यानं चांदीची बारीक तार बुंध्याभोवती आवळून पीळ दिला. त्यामुळे पानांतून खाली येणारं अन्न तिथं अडून मुळं फुटायला मदत होणार होती. हे त्याला आम्ही सांगितलं नव्हतं. टोचल्यावर तार घालायची, एवढीच त्याला सवय. मी शेवाळ लावून गोणपाट बांधलं. सोनारानं सवयीनं त्यावर हळूच फुंकर घातली. "झालं हं, झालं. रडायचं नाही."

आणि कान टोचल्यावर मुलाला गूळ देतात, म्हणून आक्कांनी थाळीत गुळाचा खडा ठेवला. पुढचे कित्येक दिवस मी मुंग्या वेचत होतो.

*

गणपती झाल्यावर गोणपाट सोडलं, तर त्या बोडक्या अंगाला पांढरी मुळं! दुधाच्या दातांसारखी. रखमानं मला हात लावू दिला नाही, नुसतं बघू दिलं.

आता ती आडवी जायला हवी होती. खाली गेली तर सगळं फुकट. सोमीचा खडक डोक्यात होता. झाडाखाली सपाट काहीतरी ठेवायचं, म्हणजे मुळांना खाली जायला जागाच नाही. माघात, पानं गळालेली असताना, झाड काढायचं ठरलं. या वेळी भागोजी पंचांग बघून थांबला.

सपाट कौल हवं होतं. आमच्या घरांवर गोल नळीची कौलं. चपटं कौल फक्त बंगल्यावर. भागोजी म्हणाला, बघतो, आणि खरंच एक कौल घेऊन आला. आम्ही मुळं त्यावर चारी बाजूंना पसरली, खाली वळलेली कापली, वरची बांबूच्या बारीक कामट्यांनी जागच्या जागी दाबली. नवरीचे पाय पुसावेत तसं रखमा एकेक मूळ ओल्या फडक्यानं पुसत होती.

पाऊस सुरू झाला आणि शेट मुक्कामाला आले. रात्रभर त्यांच्या उशाशी टपटप. सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून बाहेर आले आणि गरजले, की माझ्या पलंगावरचं कौल कुठं गेलं?

भागोजीनं नजर वर केली नाही. "झाडाच्या पायाखाली, शेट."

"आणि माझ्या डोक्यावर काय?"

"बादली आनतो."

*

त्यानंतर काही वर्षं गेली. दर पावसाळ्यानंतर वरची माती थोडी धुवायची, पोसलेलं मूळ ठेवायचं, एकावर एक चढलेलं कापायचं, आणि लोकांचे हात आवरायचे. चांदीची तार सालीत बुडून दिसेनाशी झाली. बुंधा खालून रुंद झाला. ते बोडकं अंग आणि चांगलं अंग यांतलं कुठलं कुठलं, ते मला सांगावं लागे. कोणत्याही बाजूनं बघा, झाड थाळीत मांडी घालून बसलेलं. आणि जितकं ते सरळ बसू लागलं, तितकी रखमा कमी बोलू लागली.

एका साली शेट दसऱ्याला आले. झाडाभोवती फिरले, पुन्हा फिरले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबाची बदली झाली नव्हती. शेटांचं कामही अजून अडलेलंच होतं. ते म्हणाले, दिवाळी होऊ दे, साहेबाला घेऊनच येतो.

मी आक्कांकडे बघितलं. त्या वाती वळत होत्या.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच आक्कांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, न्हाऊन या, रखमे, लग्नातलं लुगडं नेस, आज तुळशीचं कन्यादान तुम्ही करायचं. ज्यांना लेक नाही त्यांनी ते करावं अशी आमच्यात रीतच आहे, पण बंगल्यावरच्या तुळशीचा मान माळ्याला कधी मिळाला नव्हता. आम्ही गेलो. भटजी आले. तुळशीपुढं नवऱ्या मुलाचा पाट मांडलेला. दरवर्षी त्यावर आक्कांच्या देवघरातला बाळकृष्ण असतो. आज पाटावर पंजाचं झाड! पानं कडेनं लाल होऊ लागलेली, कपाळाला मुंडावळी लावावी तशी फांदीला फुलांची सर, आणि खाली मुळं स्वच्छ धुतलेली.

भटजी म्हणाले, देव कुठं आहे? आक्का विधवा, अशा कार्यात पुढं यायची त्यांना मोकळीक नव्हती. त्या ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, की देवाचं डोकं दुखतंय, यंदा हाच नवरा.

भटजी अडून बसले. कुळ ठाऊक नाही, मूळ ठाऊक नाही, कसं लावू?

भागोजी म्हणाला, "मूळ ठावं नाय? चारी अंगानं उघडं हाय की. येवढं आतपत्तर दिसलेला जावई तुमी कुटं बघितलाव?"

नवरी नवऱ्यापेक्षा उंच होती, म्हणून पाटावर दुसरा पाट ठेवला. अंतरपाटाचं एक टोक भागोजीनं धरलं, दुसरं धरायला माणूस नव्हता. सोमी कुंपणापाशी उभी होती. आक्कांनी तिला बोटानं बोलावलं. भटजींनी तोंड उघडलं, आक्कांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्यांनी त्याच तोंडानं मंगलाष्टक सुरू केलं.

रखमानं पळीनं पाणी सोडलं तेव्हा तिचा हात माझ्या हातावर होता. तो इतका गार लागला, की मी वर बघितलं नाही.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि त्याच वेळी फाटकात गाडी थांबली. शेट उतरले. मागून साहेब. साहेबाबरोबर झाड न्यायला पेंढा भरलेली पेटी घेऊन दोन शिपाई.

शेट आले ते थेट तुळशीपाशी. हळद बघितली, फुलांची सर बघितली. "आक्का, हे काय चाललंय?"

"लग्न. झालं आत्ताच."

शेटांचा चेहरा लाल झाला. आक्कांवर ओरडता येईना, म्हणून ते माझ्याकडे वळले. "धाकू, थाळी उचल. पेटीत ठेव."

उभ्या आयुष्यात मी शेटांना नाही म्हटलं नव्हतं. रखमानं दिलेली पळी हातातच होती. ती खाली ठेवली आणि जमेल तेवढ्या लवकर बोललो.

"शेट, पोरीच्या बापानं जावयाला उचलून बाहेर घालायचा, आसं आमच्यात नाय."

साहेब शेटांना काहीतरी विचारत होता. पण शेट व्यापारी माणूस, बोलण्यात हरणारे नव्हेत. ते हसले. "ठीक आहे. लग्न झालं ना? मग मुलीनं सासरी जावं. तुळसही उचला. दोघं जोडीनं जातील साहेबाच्या घरी."

भागोजीनं माझ्याकडे बघितलं. मी रखमाकडे.

"जाईल की," आक्का खांबापासून म्हणाल्या. "मुलीला का घरात ठेवून घेणार आहोत? पण सासर साहेबाचं नाही. नवऱ्या मुलाची माणसं येऊ देत. रीतीनं वऱ्हाड आणू देत, मानपान घेऊ देत, आणि लेक घेऊन जाऊ देत. तोवर जावई आमच्या दारात."

"कुठून येणार वऱ्हाड?"

"जपानातून."

शेटांनी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग तो पाटापाशी आला, गुडघा टेकून खाली बसला, आणि त्या मुळांकडे बघत राहिला. एका बाजूनं बघितलं, मग सरकून दुसऱ्या बाजूनं. उठला तेव्हा टोपी त्याच्या हातात होती, आणि त्यानं शिपायांना पेटी परत गाडीत ठेवायची खूण केली.

त्याला आमचं बोलणं मोडकंतोडकं येत होतं. तो आक्कांना म्हणाला, "बाई, जपान फार लांब आहे."

उत्तर रखमानं दिलं. ताटात उरलेल्या अक्षता मुठीत घेऊन ती पुढं झाली, साहेबाचा हात धरून उताणा केला आणि त्यावर त्या ठेवल्या.

"असू द्या, सायेब. पोरीकडच्यान्ला वाट बघायची सवय असते."